सोनवटची नेणती कलमं

सकाळी साडेसहाची ठाणे-मंडणगड गाडी त्या शुक्रवारी चक्क साडेसहालाच सुटली. मी खिडकीत, आत्या खाली फलाटावर आणि आमचं भांडण अर्धवट राहिलेलं. सिपोराआत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. सोडायला येऊ नकोस असं बजावलं होतं, तरी रिक्षा करून आली. गाडी हलली तशी काठी उंचावून म्हणाली, "रिबका, तीन दिवसांचं विचार हं. तीन वर्षांचं नाही, तीन दिवसांचं." शेजारी बसलेल्या गृहस्थांनी अंग चोरून मला जरा जास्तच जागा करून दिली. कोर्टकचेरीचं काहीतरी आहे असं त्यांना वाटलं असावं.

होतंही कायद्याचंच, फक्त फार जुन्या कायद्याचं. आम्ही बेने इस्राएल. कोकणात आमच्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. आडनाव सोनवटकर, म्हणजे आमचं गाव सोनवट, मंडणगड तालुक्यातलं. आजोबांनी ते सोडलं तेव्हा आत्या पाच-सहा वर्षांची होती. मी तर ठाण्यातच जन्मले, पोस्टात नोकरी केली आणि निवृत्त होईपर्यंत सोनवट मला फक्त पिनकोडच्या पुस्तकात दिसलं.

आमच्या घरी आंब्याची पेटी आली की ती पहिले तीन दिवस आत्याच्या पलंगाखाली जाते. तिला हात लावायचा नाही, नुसता वास घेत बसायचं. लहानपणी मी एकदा दुसऱ्याच दिवशी एक आंबा लांबवला होता. आत्याने मला मारलं नाही, ती रडली. "कायदा आहे," एवढंच म्हणाली. कुठला कायदा, कशासाठी, हे तिलाही माहीत नव्हतं. तिला तिच्या आईने सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी आम्ही सातआठ बायका प्रार्थनालयाच्या मागच्या खोलीत मोशेचा कायदा मराठीतून वाचतो आणि एका वहीत अर्थ उतरवून ठेवतो. वाचता वाचता झाडांच्या नियमापाशी आलो. तुम्ही त्या देशात जाल आणि फळझाडं लावाल, तेव्हा तीन वर्षं त्यांचं फळ बेसुनत समजा, ते खायचं नाही. चौथ्या वर्षीचं देवाचं. पाचव्या वर्षापासून तुमचं. असा तो नियम. बेसुनत म्हणजे सुंता न झालेलं. झालं, खोलीत खसखस पिकली. फळाची सुंता कोण करणार आणि कशाने, इथपर्यंत मजल गेली. आत्या मात्र उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाली, "अगं, हेच ते आपले तीन दिवस." त्यावर आमच्यातली सगळ्यात तरुण डायना, बँकेत आहे, पटकन बोलून गेली, "आत्या, तीन वर्षांचे तीन दिवस झाले, आणि झाडाची पेटी झाली. आपण काय पाळतोय ते आपल्यालाच कळत नाही. वाळवंटातल्या लोकांचे नियम आहेत हे, कशाला उगाळायचे?" डायना वाईट मुलगी नाही. पण आत्या पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही आली नाही.

मग मी ठरवलं की सोनवटला जायचं. हा नियम आमच्या माणसांनी खऱ्या झाडांसकट पाळला असेल तर तो शेवटचा तिथेच. पोस्टातली ओळख माणसाला शेवटपर्यंत कामाला येते. तिथल्या पोस्टमास्तरांनी चौकशी करून कळवलं की तेल्यांच्या घराचं जोतं (चौथरा) अजून शिल्लक आहे, आणि त्याला लागून मंगल नावाच्या बाईंचं घर आहे. तिचे सासरे जुन्या तेल्यांना ओळखत होते. तिने फोनवर एका दमात सांगितलं, "या वो ताई, पन हॉटेलासारका नाय मिलणार काय."

माणगावला गाडी थांबली तेव्हा सगळे वडे खायला उतरले आणि मी आत्याच्या पोळ्या सोडल्या. पुढे आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडली आणि रत्नागिरी जिल्हा लागला. खाडीचं पाणी जानेवारीच्या उन्हात स्वच्छ दिसत होतं. घाट चढू लागलो तशी दोन्ही बाजूंना तांबडी माती, वाळलेलं गवत आणि मधूनच मोहोराने पिवळसर झालेली आंब्याची झाडं. खिडकीतून मोहोराचा वास आत यायचा आणि वळणावर निघून जायचा.

मंडणगडला उतरले तेव्हा दोन वाजले होते. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत मला मुक्कामी पोचायचं होतं, कारण तिथून आमचा शब्बाथ सुरू होतो आणि मग प्रवास बंद. ठाण्यात मी काही इतकी कडक नाही. पण कायदा समजून घ्यायला निघाले आणि वाटेतच तो मोडला, असं व्हायला नको होतं. सोनवटला जाणारी वडापची जीप उभी होती, पण दहा माणसं झाल्याशिवाय ती हलणार नव्हती आणि आम्ही होतो पाच. चार वाजले. मी तिसऱ्यांदा ड्रायव्हरजवळ गेले.

"सूर्य बुडायच्या आत पोचायला हवं हो मला."

"उपास हाय काय?"

"तसंच काहीसं."

"मंग आदी नाय का सांगायचा," असं म्हणून त्याने सात माणसांवर जीप सोडली. उपास म्हटल्यावर कोकणात वाद घालायचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सोनवट म्हणजे डोंगराच्या कुशीत तीसेक घरं, खाली भाताची रिकामी खाचरं आणि वर काळाभोर कातळ. मंगल पाणंदीच्या तोंडाशी उभी होती. चाळिशीची, चपळ, हसरी. नवरा मुंबईत नोकरीला, मुलगी चिपळूणला कॉलेजात, घरी ही आणि सासरे. तिने आधी मला तेल्यांचं जोतं दाखवलं. चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) चार थर आणि अंगणाच्या जागी एक दगडी उखळ, घाण्याचं. आत शेवाळ, कडेला रानतुळस. माझ्या आडनावाचं इतकंच उरलं होतं. मी त्या उखळावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिले, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त रडू आलं.

मंगलचे सासरे धोंडूबाबा ओटीवर खाटेवर बसले होते. पंच्याऐंशीचे. अंगावर स्वेटर, श्वास जरा लागलेला. दोन महिने मुंबईच्या इस्पितळात काढून आठवड्यापूर्वीच परतले होते. मी नाव सांगितलं तशी त्यांनी मला नीट पाहून घेतलं.

"तेल्यांची गो तू? शिपू हाय का अजून?"

शिपू म्हणजे आमची सिपोराआत्या. तिला कोणी शिपू म्हणत असेल अशी कल्पनाही आम्ही केली नव्हती. आहे म्हटल्यावर बाबा समाधानाने मान हलवत राहिले.

जेवायला मंगलने पानावर तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि खास माझ्यासाठी म्हणून खरपूस परतलेला जवळा (बारीक सुकी कोळंबी) वाढला. मी अवघडले. कोळंबी आम्हाला चालत नाही, आणि तिने तर कौतुकाने केलेला. तेवढ्यात ओटीवरून बाबांचा आवाज आला.

"मंगल, जवला काढ तिच्या पानातला. खवला असलेलाच मासा खातात ती. कोलबी नाय, खेकडा नाय."

सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्यांच्या ताटाचा नियम त्या माणसाच्या लक्षात होता. आमच्या डायनाला तो अर्धाच माहीत आहे. मंगलने जवळा उचलला आणि वर "मला आदी सांगायचात नाय का बाबा" म्हणून त्यांनाच दटावलं.

जेवणाआधी, उजेड असतानाच, मी दोन मेणबत्त्या लावल्या होत्या. बाबा त्यांच्याकडे पाहत होते. म्हणाले, "तुजी पणजी काचंच्या पेल्यात खोबऱ्याचा तेल घालून वात लावायची. आमी पोरं दारात उबी. शनवारी घाणा बंद, चूल बंद. बैल पन गोठ्यात बसून. आमचा बैल नांगराला आनि त्यांचा सुट्टीवर. मी बापाला इचारायचो, आपन तेली का नाय?" मग हसले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. जरा वेळाने म्हणाले, "घाण्याच्या बैलाच्या डोल्यांवर झापड असायची, पन तोंडाला मुसकी नाय बांधायची ती. फिरता फिरता पेंड चाटायचा. तुजा पणजा म्हणायचा, तो राबतो तर तो खानार." हाही मोशेच्या कायद्यातलाच नियम, राबत्या बैलाचं तोंड बांधू नये. मी तो दहादा वाचला होता. पण पेंड चाटणारा बैल मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसला.

"उद्या तुला माजी कलमं दाखवतो," बाबा म्हणाले, आणि लगेच स्वतःलाच थांबवलं. "नाय, उद्या शनवार. उद्या नको. शनवार तेली घरात असताना काम नाय काढायचा. आयतवारी जाऊ."

मंगल भांडी उचलत होती. कलमांचा विषय निघाला तशी उरलेली तिथेच ठेवून ती आत गेली.

शनिवारी सकाळी काही न करण्याचा कार्यक्रम होता, म्हणून मी मंगलबरोबर नुसती पाय मोकळे करायला घरामागे गेले. वीस-पंचवीस पावलं चढ, मग गडगा (नुसते दगड रचून केलेली भिंत) आणि आत कातळावर हापूसची वीस कलमं. त्यांची गोष्ट तिने चालता चालता सांगितली. धोंडूबाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बागा राखल्या. मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत माचीवर (बागेतल्या मचाणावर) राहायचं, वानरं हाकायची आणि शेवटी पेट्या दुसऱ्याच्या नावाने जायच्या. ऐंशी पार केल्यावर भावांची वाटणी झाली. कोणालाच नको असलेला हा कातळाचा तुकडा त्यांच्या वाट्याला आला. त्यांनी त्यात खड्डे घेतले, खालच्या खाचरातली माती डोकीवरून आणून भरली आणि मृगात वीस कलमं लावली. पाणी मंगल घालते, वहाळातून कळशीने, उन्हाळाभर.

कलमं माझ्या खांद्याएवढी झाली होती, पानं काळपट हिरवी, तजेलदार. मी एकेक बघत गेले. मोहोर एकालाही नव्हता.

"खुडलाय," मंगल म्हणाली. "पयली तीन वर्सं मोहोर ठेवायचा नाय. कलम लहान असला तरी मोहोर येतोच, पयल्या वर्सीपन येतो. पन फळ धरू दिला तर झाड खुंटतं. बाबा म्हणतात, झाड नेणतं हाय अजून. त्याला फळ धरता येतंय, पन आपल्याला किती झेपंल ते कळत नाय. म्हणून आपन खुडायचा."

मी तिथेच गडग्यावर बसले. नेणतं. ज्याला अजून जाण आलेली नाही ते. आमच्यात मूल आठ दिवसांचं झालं की त्याची सुंता करतात, आणि तेव्हापासून ते देवाच्या करारात आलं असं मानतात. तोवर ते नेणतं. झाडाला तीन वर्षं. इतकं साधं होतं ते. आम्ही वातानुकूलित खोलीत बसून ज्या शब्दाला हसलो, तो शेतकऱ्याचा शब्द होता. आणि शेतकऱ्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलंही नसतं.

"आणि चौथ्या वर्षी?" मी विचारलं.

"पयला फळ देवीला. मंग गावात वाटायचा. आपन त्याच्या पुडच्या वर्सी खायचा."

मी तिला पोथीतला नियम सांगितला. ती थक्क झाली नाही. "मंग तुमची मानसा पन बागायतवालीच," एवढंच म्हणाली. मग माझा हात धरून मला गडग्याच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या कलमाकडे घेऊन गेली आणि पानं बाजूला केली. आत मोहोराचे तीन घोस होते. त्यांतल्या दोनांवर वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या.

"हा मी ठेवलाय. बाबा मुंबईत व्हते तवा. त्यांना म्हाईत नाय." ती खाली बघत बोलत होती. "डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंत सांगितलंय, ताई. आंबा मे महिन्यात पिकंल. तवा असतील बाबा. पुडच्या वर्सी नसतील. जन्मभर लोकांचा आंबा राखला त्यांनी. आपल्या हातचा एक खाऊन जाऊ देत ना."

मी पानं पुन्हा कैऱ्यांवर सारली.

"उद्या ते बगणार आनि खुडणार. माजा आयकायचे नाहीत, त्यांच्या पोराचा पन नाय. पन तेल्यांच्या पोथीचा शब्द ते मोडायचे नाहीत. तुमी सांगा त्यांना, पोथीत लिवलंय, लावणाऱ्याला एक फळ चालतं."

मी हो म्हटलं. कायदा समजून घ्यायला दोनशे किलोमीटर आले होते, आणि समजल्याला दहा मिनिटंही झाली नव्हती.

दुपारभर मी पोथी घेऊन ओटीच्या कोपऱ्यात बसले आणि पळवाट शोधत राहिले. शब्बाथला वाचायला बंदी नाही, कशासाठी वाचता ते कोणी विचारत नाही. आमच्यात झाडांचं नवं वर्ष असतं, याच सुमाराच्या पौर्णिमेला. फळ त्या पौर्णिमेआधी धरलं तर ते सरत्या वर्षाचं, नंतर धरलं तर नव्या वर्षाचं. ही पौर्णिमा सोमवारी होती. कैऱ्या धरून तर पंधरवडा उलटला असेल. तीन पावसाळे पाहिलेल्या झाडाचं हे तिसऱ्या वर्षाचंच फळ, आणि तेही शेवटच्या काही दिवसांतलं. चौथ्याचं असतं तर देवाचा प्रसाद म्हणून तरी एक बाबांच्या हातावर ठेवता आला असता. इतक्या थोडक्यात हुकलं याची मला फार चीड आली, कोणाची ते कळेना.

रविवारी सकाळी ऊन वर आल्यावर बाबा निघाले. पंचवीस पावलांच्या चढाला पाव तास लागला. मध्ये दोनदा थांबले, एकदा मंगलच्या खांद्यावर, एकदा माझ्या. गडग्याच्या आत शिरल्यावर मात्र ते सरळ झाले आणि प्रत्येक कलमाच्या पानाला हात लावत पुढे गेले. मी आणि मंगल मागे. शेवटच्या कलमापाशी त्यांनी पानं बाजूला केली आणि बघत राहिले.

"हा कोणी ठेवला?"

"मी," मंगल म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

मी घसा साफ केला. "बाबा, आमच्या कायद्यात आहे. लावणाऱ्याला एक फळ चालतं."

"कुटं लिवलंय?"

मी पिशवीतून पोथी काढली.

"बोट ठेव त्यावर," बाबा म्हणाले. "आनि वाच."

त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं. मी कुठेही बोट ठेवलं असतं आणि काहीही म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. मी पान उघडलं. बाबा वाकून माझ्या बोटाकडे इतक्या आदराने बघत होते, की ते बोट मला भलत्या ओळीवर ठेवताच येईना. मी ते खऱ्या ओळीवर ठेवलं आणि होतं तसं वाचलं. तीन वर्षं नाही. चौथ्या वर्षी देवाचं. पाचव्या वर्षी खा. वाचून झाल्यावर मंगलकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

बाबांनी बोटं मोजली. "बराबर हाय. हेच सांगायचा तुजा पणजा माज्या बापाला. त्यानं आमच्याकडनं घेतला की आमी त्याच्याकडनं, कोणाला म्हाईत." मग जरा विचार करून म्हणाले, "हे सांगितला कोणी? मोशेनं ना?"

"हो."

"त्यानं त्या देशात किती झाडं लावली?"

"एकही नाही. तो पोचलाच नाही, बाबा. लोकांना सीमेपर्यंत नेलं त्याने, डोंगरावरून देश बघितला आणि तिथेच गेला. ज्यांना हे सांगितलं त्यांच्याकडेही तेव्हा एक झाड नव्हतं, जमीनही नव्हती."

बाबांचा चेहरा हळूहळू उजळला. "मंग तो माज्यावानीच की," ते म्हणाले.

मंगलला रडू फुटलं. बाबांनी तिच्याकडे वळून अगदी हळू आवाजात सांगितलं, "तू पानी घातलंस, तुजा हक व्हता ठेवायचा. मी लावलाय, माजा हक हाय खुडायचा. हा आंबा मी खायाला नाय लावला गो. तू कशाला रडतेस?"

त्यांनी तीनही घोस नखाने खुडले, एकेक करून, झाडाला हिसका न देता. कलमाच्या बुंध्याशी मातीत ठेवले. एका कैरीचा देठ तुटून चीक बोटाला लागला होता. ते बोट त्यांनी नाकाशी नेलं आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले.

"वास तोच हाय," म्हणाले. "चला, चाय कर मंगल."

सोमवारी पहाटेच्या जीपने मी निघाले. मंगलने भाकरी बांधून दिली होती आणि माझ्यावर रागावली नव्हती. "तुमी वाचलात ते बरा केलात," ती पाणंदीच्या तोंडाशी म्हणाली. "त्यांना कवा कळला असता तर माजी मान खाली गेली असती." तिचे डोळे सुजलेले होते. बाबा ओटीवरूनच ओरडले, "शिपूला सांग, धोंडू इचारत व्हता."

परतीच्या वाटेवर मी खिडकीतून फक्त मोहोर पाहत होते. डायना म्हणाली होती, वाळवंटातल्या लोकांचे नियम. होतेच ते वाळवंटातले. पण वाळवंटात बसून त्यांनी झाडांचा विचार केला होता, जी झाडं अजून कोणी लावली नव्हती त्यांचा. आणि नेणत्या झाडाला फळाच्या ओझ्यापासून वाचवणं म्हणजेच देवाला मान देणं, असं त्यांनी ठरवलं होतं. असे पूर्वज आपल्याला मिळाले याचा मला त्या एसटीत उघड उघड अभिमान वाटला. तो आजवर कधी वाटला नव्हता, हेही सांगून टाकते.

त्याच संध्याकाळी प्रार्थनालयात झाडांच्या नव्या वर्षाचा मलिदा होता. गोड पोहे, खोबरं, पाच फळं, एलियाहू नबीच्या नावाने. आत्या आली होती, लांब कोपऱ्यात बसली होती. प्रार्थना झाल्यावर मी सगळ्यांना सोनवटची गोष्ट सांगितली. धोंडूबाबांचा निरोप सांगितला तेव्हा आत्या काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून म्हणाली, "शिपू. आई म्हणायची."

मी डायनाला म्हटलं, "सोनवटहून निघालो तेव्हा आपल्याकडे झाड राहिलं नाही, फक्त पेटी राहिली. माझ्या आजीला, आत्याच्या आईला, तीन वर्षं पाळता येईनात, म्हणून तिने तीन दिवस पाळले. जेवढं घरात मावलं तेवढं तिने आणलं." डायनाने मान खाली घातली. मग उठून आत्याच्या शेजारी जाऊन बसली, आणि आमच्या वहीत 'बेसुनत' खोडून तिनेच वर लिहिलं, नेणतं.

धोंडूबाबा आषाढात गेले. मंगलचा फोन आला तेव्हा मी पोस्टातल्या सवयीने पत्ता लिहून घ्यावा तसं सगळं लिहून घेतलं, कोणता वार, कोण कोण आलं होतं. मे महिन्यात त्यांनी घरच्या रायवळ आंब्याचा रस दोन वाट्या खाल्ला होता, असं ती म्हणाली. कलमं बघायला ती रोज एकदा त्यांना घेऊन जायची.

या वर्षी मे महिन्यात ठाण्याला एक पेटी आली. वर कोळशाने लिहिलं होतं, शिपू. मी मंगलला फोन लावला. देवीला ठेवले, ती म्हणाली, गावात घरटी एकेक वाटला, आणि ही पेटी तुमच्या देवाची.

"आणि तू? तू चाखलास की नाही?"

"नाय वो," मंगल म्हणाली. "चौथा वर्स हाय ना. मी पुडच्या वर्सी खायेन."

ती खाते की नाही हे बघायला आता घरात कोणी नव्हतं. मी फोन ठेवला. आत्या पलंगावर बसून वाट पाहत होती. मी पेटी तिच्या पलंगाखाली सरकवली, आणि तीन दिवस आम्ही दोघी वास घेत बसलो.